आंघोळीनंतर संपणारा दिवस : दीर्घकालीन फुप्फुसविकारात शक्ती राखण्याचे एक प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्यामुळे हवा बाहेर पडायला अडथळा येणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार, असणाऱ्या रुग्णांना घरच्या साध्या कामांत ज्या अडचणी पुन्हापुन्हा येतात, त्या येथे एका रुग्णेच्या दिनक्रमात एकत्र आणल्या आहेत. मोजमापे आजाराच्या या टप्प्यावर सामान्यतः आढळतात तशी घेतली आहेत आणि उपाय श्वसन पुनर्वसनात, म्हणजे अशा रुग्णांना व्यायाम आणि श्वासाच्या रीती शिकवणाऱ्या उपचारात, नेहमी शिकवले जाणारेच आहेत.

रुग्णेची स्थिती

रुग्ण ६६ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका असून पती, मुलगा, सून आणि नात यांच्यासोबत राहतात. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतर केलेल्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीत, त्यांनी पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा अपेक्षित प्रमाणाच्या ३८ टक्के भरली. ३० ते ४९ टक्के हा तीव्र अडथळ्याचा, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा पट्टा आहे. सपाटीवर साधारण १०० मीटर चालले की त्यांना थांबावे लागे, त्यामुळे दम मोजण्याच्या शून्य ते चार अशा प्रचलित श्रेणीत त्या ३ या पायरीवर होत्या. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत त्या मध्ये दोनदा थांबून २४० मीटर चालल्या. धुराशी संपर्क पूर्वीच बंद झाला होता, इनहेलर नियमित होते, ते घेण्याची पद्धतही तपासून घेतली होती आणि डॉक्टरांच्या मते औषधांत वाढवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

त्यांची तक्रार एका वाक्याची होती : "आंघोळ झाली की माझा दिवस संपतो." सकाळी उठल्यावर तोंड धुणे, आंघोळ, कपडे आणि केस विंचरणे एवढे उरकले की त्या पलंगावर पडत आणि दुपारपर्यंत उठायची उमेद राहत नसे. संध्याकाळी नातीला जवळ घेऊन तिचा अभ्यास घ्यावा, ही त्यांची मोठी इच्छा होती. प्रत्यक्षात संध्याकाळ होईपर्यंत चार वाक्ये सलग बोलण्याइतकेही बळ त्यांच्याजवळ उरत नव्हते.

घरच्यांनी यावर आपापल्या परीने उत्तर शोधले होते. पती पाणी काढून देत, बरेचदा अंग पुसून देत, कपडेही घालून देत. सुनेने स्वयंपाकघरातले त्यांचे एकूण एक काम स्वतःकडे घेतले होते. बोटाला रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर लावला की बसल्या जागी ९५ टक्के आकडा दिसे आणि मग घरात प्रश्न निघे, की आकडा तर चांगला आहे, मग एवढा दम कसला? या प्रश्नाने बाई फार दुखावल्या जात. आपल्यावर कोणाचा विश्वास नाही असे त्यांना वाटू लागले होते, आणि अशा घरांमध्ये ही ठिणगी नेहमीच पडलेली दिसते. म्हणून कामे कशी करायची याकडे वळण्याआधी दम का लागतो हे सगळ्या घराला एकत्र बसवून समजावणे आवश्यक ठरले.

दम कशामुळे लागतो

या आजारात हवा आत जाण्यापेक्षा बाहेर पडायला अधिक वेळ लागतो. माणूस निवांत बसलेला असताना हा वेळ कसाबसा मिळतो. काम सुरू झाले की श्वासाची गती वाढते, दोन श्वासांमधले अंतर कमी होते, आधीची हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि दर श्वासागणिक थोडी थोडी हवा छातीत अडकत जाते. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी पाणी ओतू पाहावे तशी फुप्फुसांची अवस्था होते : श्वास घेण्याची धडपड वाढते, पण आत जागाच उरलेली नसते. फुगलेल्या फुप्फुसांखाली श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वास ओढणारा मुख्य स्नायू, दाबले जाऊन सपाट होते आणि त्याची ओढण्याची ताकद घटते. मग मान, खांदे आणि छातीचे स्नायू श्वास ओढायला मदतीस धावतात. रक्तातला ऑक्सिजन बरा असतानाही जीव कासावीस करणारा दम लागू शकतो, याचे कारण हे आहे. ऑक्सिमीटर छातीत अडकलेली हवा मोजत नाही.

यातून या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा निघतो, आणि तो रुग्णांना सांगताना पुरेसा ठासून सांगितला जात नाही असे मला वाटते. अशा रुग्णाची मर्यादा दिवसभरात एकूण किती काम होते यापेक्षा कोणत्याही एका मिनिटात किती काम पडते यावर अधिक अवलंबून असते. एका मिनिटाला फुप्फुसांतून जेवढी हवा खेळू शकते तेवढेच काम त्या मिनिटात झेपते. ती रेषा ओलांडली की हवा अडकू लागते, आणि एकदा अडकलेली हवा बाहेर पडून श्वास पूर्ववत व्हायला काही मिनिटे जातात. तेच काम दुप्पट वेळ घेऊन केले, तर कदाचित एकूण खर्च तितकाच होईल, पण कोणतेही मिनिट त्या रेषेवर जाणार नाही. शक्ती राखणे म्हणजे दिवसातले हे चढ शोधून त्यांची उंची कमी करणे होय.

सकाळचा पाऊण तास

चढ नेमके कुठे आहेत हे विचारून पुरेसे कळत नाही, ते पाहावे लागते. बाईंच्या संमतीने त्यांची सकाळ जशी असते तशी पाहिली. आंघोळ उभ्याने होत होती. न्हाणीघराचे दार आणि खिडकी बंद, पाणी कडकडीत, त्यामुळे आत वाफ कोंडलेली. पाय धुण्यासाठी त्या कमरेत वाकल्या तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला होता, आणि सरळ झाल्यावर लागोपाठ उथळ श्वास सुरू झाले. डोक्यावर पाणी घेताना दोन्ही हात वर, पाठ पुसताना दोन्ही हात मागे. अंग जेमतेम कोरडे होताच, श्वास पुरता बसण्याआधी, कपडे घालायला सुरुवात. शेवटी आरशासमोर उभे राहून केस विंचरणे, तेही दोन्ही कोपर खांद्याच्या वर नेऊन. शून्य ते दहा या बोर्ग मापनात त्यांनी या क्षणीचा दम सात सांगितला. पाच म्हणजेच तीव्र, तेव्हा सात ही फार पुढची पायरी झाली. ऑक्सिमीटर ८९ पर्यंत खाली आला आणि बसल्यावर काही मिनिटांत पुन्हा ९४ वर गेला.

यात हातांचा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण रुग्णांना त्याचेच सर्वांत नवल वाटते. चार जिने चढल्यावर दम लागला तर तो समजतो, पण केस विंचरताना धाप लागली की माणूस घाबरून जातो. श्वासपटल दुबळे झाल्यावर मान-खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करतात, त्यांतलेच बरेचसे स्नायू हात उचलून धरायलाही लागतात. हात आधाराशिवाय वर गेले की त्या स्नायूंवर एकाच वेळी दोन कामे येऊन पडतात आणि श्वासाच्या वाट्याला कमी बळ उरते. हाताला टेबलाचा किंवा मांडीचा आधार मिळाला की तेच स्नायू पुन्हा श्वासाच्या कामाला मोकळे होतात.

सकाळच्या वेळेचाही दोष होता. या आजारात सकाळ ही अनेकांची सर्वांत अवघड वेळ असते. रात्रभरात कफ साठलेला असतो आणि औषधाचा जोर ओसरलेला असतो. बाई मात्र उठल्याउठल्या आंघोळीला जात आणि इनहेलर न्याहारीच्या वेळी घेत, म्हणजे दिवसातले सर्वांत जड काम औषधाचा पुरता असर नसताना होत होते.

काय बदलले

पहिला बदल क्रमाचा झाला. डॉक्टरांच्या संमतीने सकाळचे इनहेलर उठल्यावर लगेच घ्यायचे ठरले, त्यानंतर बसून कफ मोकळा करायचा, हलकी न्याहारी घ्यायची आणि आंघोळ सकाळी उशिरा, न्याहारीनंतर तासाभराने करायची. भरल्या पोटी श्वासपटलाला खाली उतरायला जागा कमी मिळते, म्हणून हे अंतर राखले. आंघोळ सकाळी पहिलीच झाली पाहिजे हा आग्रह सोडायला बाईंना जड गेले. त्यांना वेळ दिला, घाई केली नाही, आणि काही दिवसांनी त्यांनी स्वतःहून वेळ बदलून पाहिली.

आंघोळ आता न घसरणाऱ्या पक्क्या स्टुलावर बसून होते. पाणी कोमट, खिडकी उघडी, दार फक्त लोटलेले. साबण, तांब्या, लांब दांड्याचा ब्रश हे सारे कमरेच्या उंचीवर, हाताशी. पाय धुताना वाकण्याऐवजी एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा. वाकावे लागलेच तर ओठांचा चंबू करून श्वास सोडत वाकायचे आणि सरळ होताना श्वास घ्यायचा. अंग पुसण्याचे कामच काढून टाकले : टॉवेलच्या कापडाचा सैल अंगरखा चढवून बाई दहा मिनिटे खुर्चीत बसतात आणि पाणी आपोआप टिपले जाते. मला हा सर्वांत मोलाचा बदल वाटतो, कारण यात एक मोठा चढ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी विश्रांतीची दहा मिनिटे आली.

कपडे आदल्या रात्रीच घालण्याच्या क्रमाने काढून पलंगावर ठेवले जातात. ते बसूनच घालायचे. कमरेखालचे सगळे कपडे आधी बसल्याबसल्या गुडघ्यापर्यंत चढवायचे आणि मग एकदाच उभे राहून वर ओढायचे, म्हणजे तीनदा उठबस होत नाही. समोर बटणे असलेले कपडे डोक्यावरून घालायच्या कपड्यांपेक्षा सोयीचे पडतात. केस विंचरताना कोपर टेबलावर टेकवून डोके हाताकडे झुकवायचे आणि एका वेळी एकच हात वापरायचा.

ओठांचा चंबू करून श्वास सोडण्याची रीत आधी निवांत बसून शिकवली. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि चंबूतून त्याच्या साधारण दुप्पट वेळ, फुंकर न मारता, हलकेच सोडायचा. यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेला किंचित अडथळा होऊन श्वासनलिका लवकर मिटत नाहीत, श्वासाची गती उतरते आणि अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो. जोर लावायचा क्षण नेहमी श्वास सोडण्याशी जुळवायचा : उठताना सोडा, उचलताना सोडा, पायरी चढताना सोडा. बाईंनी श्वास घेत पायरीवर थांबायचे आणि सोडत एक-दोन पायऱ्या चढायच्या ही लय लवकर पकडली. चालताना बोलायचे नाही, हे पाळणे मात्र त्यांना सर्वांत अवघड गेले.

दम लागलाच तर काय करायचे, याचीही तालीम केली. खुर्चीत पुढे झुकून कोपर मांडीवर टेकवायचे, बसायला जागा नसेल तर ओट्यावर किंवा कठड्यावर हात टेकवून झुकायचे. या स्थितीत खांदे स्थिर होतात आणि श्वासपटलाला पुन्हा पकड मिळते. हातातला छोटा पंखा नाक-गालांवर वारा येईल असा धरला की अनेकांना दम कमी जाणवतो. चेहऱ्यावरच्या संवेदना मेंदूला हवा येत असल्याची खूण देतात, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. बाईंना त्याने खरोखर धीर आला. पंखा ऑक्सिजनची जागा घेत नाही, हे घरच्यांना वेगळे सांगून ठेवले.

स्वयंपाकघरात त्यांनी परत यावे असा आग्रह कोणी धरला नव्हता. त्यांनीच तशी इच्छा दाखवली. उंच स्टुलावर बसून, हात टेबलावर टेकवून भाजी निवडणे आणि चिरणे त्यांच्याकडे आले. जड भांडी उचलायची नाहीत, ओट्यावरून सरकवायची. रोजच्या वस्तू कमर ते खांदा या पट्ट्यात आणल्या. केर काढणे आणि अंथरुणाच्या चादरी बदलणे ही कामे कायमची दुसऱ्यांकडे राहिली. त्यांतली धूळ आणि वाकणे यांपुढे कोणतीही युक्ती पुरेशी पडत नाही, असे माझे मत आहे.

घरच्यांची मदत

या प्रकरणातला नाजूक भाग पतींच्या मदतीचा होता. लंडन चेस्ट ॲक्टिव्हिटी ऑफ डेली लिव्हिंग या प्रश्नावलीत रोजच्या १५ कामांना प्रत्येकी शून्य ते पाच असे एकूण ७५ पर्यंत गुण असतात आणि गुण जितके जास्त तितकी अडचण मोठी. त्यात एखादे काम दमामुळे स्वतः करता येत नाही आणि दुसऱ्याच्या मदतीवाचून होत नाही, याला सर्वाधिक पाच गुण आहेत. पतींनी प्रेमाने उचललेले प्रत्येक काम कागदावर बाईंची अवस्था अधिक बिकट दाखवत होते, आणि वस्तुस्थितीही तीच होती. काम सुटले की मांडीचे आणि हाताचे स्नायू सुटतात. दुबळा स्नायू थोड्या कामातही लवकर आम्ल तयार करतो, त्या आम्लामुळे श्वास आणखी वाढतो, वाढलेल्या श्वासामुळे पुन्हा काम सुटते. केवळ विश्रांतीने शक्ती राखू पाहणारे या फेऱ्यात अडकतात.

बाईंनी हे ऐकून पतींना सांगितले, "अहो, कपडे हाताशी ठेवा, पण घालून देऊ नका. मला वेळ लागला तर लागू दे." पतींना हे ऐकून वाईट वाटले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. काळजी घेण्याची त्यांची तीच एक रीत होती. त्यांना दुसरे काम दिले : बाईंच्या सोबत चालायचे, त्यांच्या गतीने, न बोलता, आणि त्या थांबल्या की थांबायचे. ते काम त्यांनी मनापासून केले.

चालणे हा उपचाराचाच भाग होता. वाचलेली शक्ती अंशतः व्यायामात घालायची हे पहिल्याच दिवशी ठरले होते. आठ आठवड्यांच्या श्वसन पुनर्वसन वर्गात आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली चालणे, खुर्चीवरून उठबस, पायांना वजन लावून व्यायाम आणि हलक्या वजनाने हातांचे व्यायाम झाले. व्यायामात बोर्ग मापनावर तीन ते चार इतका, म्हणजे मध्यम किंवा जरा अधिक, दम लागणे अपेक्षित असते. आंघोळीत मात्र तो जितका टाळता येईल तितका टाळायचा. एकाच दिवसात एके ठिकाणी दम टाळा आणि दुसऱ्या ठिकाणी दम लागू द्या, हे परस्परविरुद्ध वाटते आणि रुग्ण गोंधळतात. त्यांना स्पष्ट सांगावे लागते की व्यायामातला दम ठरवून, मोजून आणि थांबण्याची सोय ठेवून घेतलेला असतो, आणि त्यातून स्नायू सुधारतात. केस विंचरताना लागलेल्या दमातून काहीच कमावले जात नाही.

ऑक्सिजन यंत्र घ्यावे का, असे मुलाने विचारले. आंघोळीत आकडा ८९ झाला याची त्याला धास्ती होती. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याचा निर्णय स्थिर अवस्थेत, विश्रांतीच्या वेळी रक्तातला ऑक्सिजन फार खाली असेल तर घेतला जातो : धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर पारा किंवा त्याहून कमी, अथवा ऑक्सिजनची संपृक्तता, म्हणजे ऑक्सिमीटर दाखवतो ती टक्केवारी, ८८ किंवा त्याखाली. अशा रुग्णांना दिवसातले किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी दाखवले आहे. बाई या गटात नव्हत्या. काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून मनाने यंत्र आणून लावणे धोक्याचे आहे, हेही मुलाला सांगितले.

आठ आठवड्यांनंतर

स्पायरोमेट्री ३८ टक्केच राहिली. फुप्फुसे बदलली नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती. आंघोळ आणि कपडे मिळून आधी पाऊण तास लागे, आता विश्रांतीसह सव्वा तास लागतो, पण शेवटी दम सातऐवजी चार असतो आणि त्यानंतर पलंगावर पडावे लागत नाही. सहा मिनिटांत त्या एकदाच थांबून २८० मीटर चालल्या. या चाचणीत सुमारे ३० मीटरची वाढ रुग्णाला जाणवण्याजोगी मानली जाते. दुपारी अर्धा तास झोपून संध्याकाळी त्या नातीसोबत बसू लागल्या. नात मोठ्याने वाचते आणि बाई चुकले तेवढेच सांगतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला बोलणे कमी येते.

सगळे सुटले नाही. केस धुणे बसूनही झेपले नाही. ते आठवड्यातून एकदा सुनेने करावे असे बाईंनीच ठरवले आणि त्यात कमीपणा मानला नाही. वरच्या मजल्यावर त्या आता दिवसातून फार तर एकदा जातात, आणि ज्या दिवशी जातात त्या दिवशी सकाळचे चालणे कमी करतात.

आजार बळावलेल्या दिवसांसाठी वेगळा क्रम लिहून ठेवला आहे. दम किंवा खोकला नेहमीपेक्षा वाढला, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला, तर सर्वांत आधी आंघोळ सोडायची आणि बसून अंग पुसून घ्यायचे. त्यानंतर स्वयंपाकघर सोडायचे. नातीचा अभ्यास सर्वांत शेवटी. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. ओठ निळसर झाले, गुंगी किंवा गोंधळलेपणा आला, किंवा बसूनही एक वाक्य पुरे करता आले नाही, तर कोणत्याही युक्तीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. हा कागद कपाटाच्या दाराला आतून लावला आहे आणि तो घरातल्या प्रत्येकाने एकदा मोठ्याने वाचला आहे.